व्हॅक्यूम पंप आणि तेलाची परतीची वाट

इंदूर शहरात फिरणाऱ्या छोट्या डिझेल ट्रकाचा, ब्रेक दाबताना पायाला मदत पुरवणारा व्हॅक्यूम पंप हळूहळू निकामी होऊ लागला, तरी बराच काळ ते कोणाच्या लक्षात येत नाही. सियागंजातून माल भरून सांवेर रोडपर्यंत जाताना गर्दीच इतकी असते की ट्रकाला वेग घेता येत नाही, रस्ता बहुतेक सपाट असतो, आणि पेडल जरा जास्त दाबावे लागले तर चालक त्याचा दोष ब्रेकच्या लायनरला देतो. हाच ट्रक सिमरोल मागे टाकून भेरूघाट उतरू लागला, म्हणजे माळव्याचे पठार सोडून नर्मदेच्या खोऱ्याकडे निघाला, की वळणामागून वळण येते, ब्रेक एकापाठोपाठ एक लावावे लागतात आणि पंपाला दोन ब्रेकांच्या मधला तेवढाच वेळ मिळतो. पंपाचे खरे सामर्थ्य त्या मधल्या काही सेकंदांत कळते.

आमचा शेव-फरसाणाचा घाऊक व्यवसाय आहे आणि माल बडवाह, सनावद, खंडवा, बऱ्हाणपूर या बाजूला जातो. ट्रक चालवणारे काका आमच्याकडे माझ्या लहानपणापासून आहेत. घाटात सलग तिसऱ्यांदा ब्रेक दाबताना पेडल कडक झाले आणि पायाखाली पुढे जाईना, असे त्यांनी फोनवर सांगितले. त्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली, सपाटी आल्यावर बाजूला लावली आणि इंजिन चालूच ठेवून थोडा वेळ थांबले. पेडल पुन्हा मऊ झाले. गाडी परत आल्यावर काय झाले याचा निम्मा शोध त्यांच्या या सांगण्यातच लागला होता. ब्रेकच्या तेलात हवा शिरली असती तर पेडल खाली गेले असते. लायनर झिजले असते तर पेडल मऊच राहून गाडी उशिरा थांबली असती. पेडल कडक होते आणि थांबल्यावर सुधारते, याचा अर्थ मदत करणारे बळ संपते आहे आणि सावकाश पुन्हा भरते आहे.

हे बळ येते कुठून, ते थोडक्यात सांगतो. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा थ्रॉटलच्या पडद्याने अडवली जाते, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीत, आपोआप निर्वात (व्हॅक्यूम) तयार होते आणि ब्रेकचा बूस्टर तीच वापरतो. डिझेल इंजिनाचा वेग मूलतः डिझेलच्या मात्रेवर ठरतो, हवेचा मार्ग मोकळा असतो, म्हणून तिथे निर्वात जवळपास मिळतच नाही आणि ती तयार करण्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. मोठ्या ट्रकांत हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. त्यांना कॉम्प्रेसर लागतो, व्हॅक्यूम पंप लागत नाही. पिकअप आणि लहान ट्रकांत मात्र तेलाचे ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर हीच जोडी सर्रास आढळते. बूस्टर म्हणजे पत्र्याचा चपटा डबा, ज्याच्या मधोमध रबरी पडदा असतो. पेडल सोडलेले असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात असते. पेडल दाबताच पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे ढकलतो.

या ढकलण्याचे मोल आकड्यांत पाहिले की पंपाविषयीचा निष्काळजीपणा टिकत नाही. नऊ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर भरते. निर्वात ५०० मिलिमीटर पाऱ्याइतकी असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.६८ किलोचा भार येतो, म्हणजे एकूण जवळपास पावणेतीनशे किलोची मदत पायाला मिळते. ही मदत निघून गेली तरी ब्रेक नाहीसे होत नाहीत, पेडलचा जोर ब्रेकच्या तेलात उतरवणारा मास्टर सिलिंडर आपले काम करतच असतो. पण भरलेला ट्रक उतारावर केवळ पायाच्या जोरावर थांबवणे कोणाही माणसाला अवघड आहे. आणखी एक गोष्ट इंदूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. वातावरणाचा दाब समुद्रकाठी ७६० मिलिमीटर असतो, तर इथे तो ७१०च्या आसपास भरतो. म्हणून मॅन्युअलमधला निर्वातेचा आकडा समुद्रसपाटीचा असेल, तर इथल्या गेजवर काटा तितका वर चढणार नाही, आणि केवळ त्यावरून चांगला पंप नापास करू नये.

तपासणीची सुरुवात मी नेहमी हत्याराशिवाय करतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठा संपून ते कडक होते. मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करावे. सगळे ठीक असेल तर काही क्षणांत पेडल पायाखाली थोडे खाली सरकते. आमच्या ट्रकात ते सरकायला बराच वेळ लागला आणि सरकलेही अगदी किंचित. त्यानंतर निर्वात मोजणारा गेज थेट पंपाच्या तोंडाशी जोडला. बूस्टर, त्याची नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) हे तिन्ही बाजूला काढून फक्त पंपाचे माप घेणे, हाच खरा निर्णय देणारा टप्पा आहे, कारण पेडल कडक होण्याचे कारण या चारांपैकी कोणतेही असू शकते आणि बाजारात सर्वांत आधी बदलला जातो तो बूस्टर. निरोगी पंप आयडलवरच, म्हणजे रेस न देता, काही सेकंदांत ५०० मिलिमीटरच्या पुढे जातो आणि ६०० ओलांडतो. आमचा काटा थरथरत ३००च्या आसपास अडकला होता. रेस दिल्यावर थोडा वर गेला आणि पुन्हा घसरला. पट्टा घट्ट होता, त्यामुळे पंप पुरेसा फिरत नाही ही शंकाही उरली नाही.

इथपर्यंतचे काम कोणताही अनुभवी मिस्त्री करतो, आणि इथेच पंप मागवून मोकळा होतो. माझे मत असे आहे की खरे काम इथून पुढे सुरू होते.

आमच्या ट्रकात, आणि आपल्याकडच्या पुष्कळ लहान डिझेल गाड्यांत, हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. अल्टरनेटरचाच दांडा मागे पंपात शिरतो आणि पंपाचा रोटर फिरवतो. रोटर त्याच्या गोल घराच्या मध्यापासून बाजूला सरकवून बसवलेला असतो. त्याच्या खाचांतली पाती फिरताना बाहेर फेकली जाऊन भिंतीला टेकतात आणि हवा एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने ढकलतात. पाती आणि भिंत यांच्यामधली फट बंद करण्याचे काम इंजिन ऑइल करते. ते एका बारीक नळीने दाबाखाली येते आणि ओढलेल्या हवेसोबत दुसऱ्या, जाड नळीने आपल्याच वजनाने इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात, परत पडते. म्हणजे हा पंप दिसायला अल्टरनेटरचा भाग आहे, त्याचे काम ब्रेकसाठी आहे आणि तो जगतो इंजिनाच्या तेलावर. आपल्या बाजारात या तीन गोष्टींचे कारागीर वेगळे आहेत. अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जातो, ब्रेक दुसऱ्याकडे आणि इंजिन तिसऱ्याकडे. पंप मात्र तिघांच्याही हद्दीच्या काठावर राहतो.

आमच्या बाबतीत याचा पुरावा समोरच होता. काही महिन्यांपूर्वी चार्जिंगचा दिवा अधूनमधून लागत असे, म्हणून अल्टरनेटर दुरुस्तीला दिला होता. इलेक्ट्रिशियनने कार्बन ब्रश बदलले, आतले तेल पुसले आणि गाडी दिली. काम त्याच्या परीने नीट झाले होते, पण अशा अल्टरनेटरमध्ये आतून तेल येण्याचा मार्ग बहुधा एकच असतो, तो म्हणजे पंप आणि अल्टरनेटर यांच्यामधले सील. ते सील का गळाले, हा प्रश्न विचारला गेला नाही, आणि त्या प्रश्नाचे उत्तरच पुढे घाटात पेडल कडक होण्याचे कारण ठरले.

पंप उतरवण्यापूर्वी तेलाच्या दोन्ही नळ्या तपासल्या. आधी येणारी बारीक नळी. तिचा पोकळ बोल्ट पंपाकडून सोडून नळीचे तोंड बाटलीत धरले, इंजिन बंद करण्याची तार ओढून ठेवली म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि काकांना थोडा वेळ सेल्फ मारायला सांगितले. तेल नीट येत होते. या पोकळ बोल्टाचे छिद्र फार बारीक असते आणि जुन्या तेलाचा गाळ तिथे सहज बसतो. ते बंद असेल तर नवा पंप कोरडा फिरून लवकरच घासून जाईल, म्हणून ही चाचणी कधीही टाळू नये.

मग परतीची जाड नळी काढली. बाहेरून ती अगदी ठीक दिसत होती, तडा नव्हता, क्लिपा घट्ट होत्या. आरपार पाहिल्यावर मात्र उजेड जेमतेम दिसला. आतले रबर फुगून मऊ झाले होते आणि छिद्र मूळच्या काही अंशानेच उरले होते. कोणीतरी, केव्हातरी, तिथे पाण्याच्या वापराची साधी रबरी नळी बसवली होती. रेडिएटरकडे वापरल्या जाणाऱ्या नळ्या बहुधा ज्या रबराच्या असतात, ते गरम पाणी वर्षानुवर्षे सोसते, पण खनिज तेल शोषून फुगते. तेलासाठी नायट्राइल रबराची किंवा तशाच तेलरोधक रबराची नळी लागते. दुकानात मागताना माप सांगितले जाते, कशासाठी हवी ते सांगितले जात नाही, आणि दुकानदार त्या मापाची जी असेल ती देतो. बूस्टरकडच्या नळीचीही अशीच एक अट आहे: ती जाड भिंतीची आणि आत विणलेला धागा असलेली हवी, नाही तर इंजिन गरम झाल्यावर निर्वातेने ती आतल्या आत चपटी होते आणि गार झाल्यावर पुन्हा निर्दोष दिसते.

परतीची वाट अरुंद झाली की पुढचे सगळे क्रमाने घडते. दाबाने येणारे तेल येतच राहते, जाणारे तुंबते. पंपाच्या घरात तेल साठते. हवा दाबता येते, तेल दाबता येत नाही, त्यामुळे पात्यांवर विलक्षण ताण येतो. हवेलाही बाहेर पडण्याची जागा उरत नाही, म्हणून निर्वात घटते. आणि साठलेले तेल सर्वांत कमजोर जागा, म्हणजे दांड्यावरचे सील, ओलांडून अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांवर जाते.

बॅटरीची ऋण तार काढली, कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत बॅटरीचा प्रवाह इंजिन बंद असतानाही असतो आणि पाना तिथे टेकला तर मोठी ठिणगी पडते. मग पट्टा, नळ्या, अल्टरनेटर आणि शेवटी त्याच्या पाठीवरचे पंपाचे बोल्ट. आमच्या मिस्त्रींना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो. त्यांनी पंप उघडून रोटर कागदावर ठेवला. एका पात्याची कड तुटलेली होती आणि घराच्या आतल्या भिंतीवर आडव्या लाटांसारख्या खुणा उमटल्या होत्या, बोट फिरवले की जाणवतील इतक्या खोल.

तुटलेल्या पात्याचे तुकडे आम्ही कागदावर जुळवून पाहिले. एक चिपळी सापडेना. पंपातून बाहेर पडणारी वस्तू त्याच परतीच्या नळीने इंजिनाच्या चेंबरमध्ये जाते, हे माहीत असल्यावर ती चिपळी तशीच सोडून देणे मला मान्य नव्हते. उस्तादांचे म्हणणे होते की पाते धातूचे नाही, चेंबर उतरवण्यात अर्धा दिवस जाईल, आणि चेंबरमधून तेल ओढले जाते त्या तोंडावरची जाळी ते अडवेलच. जाळी अडवेल हे खरे, पण तिथे अडकलेला तुकडा तेल ओढण्याची वाटच थोडी रोखून धरतो, आणि तुकड्याचा चुरा झाला तर तो कुठे जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. चेंबर उतरवला. चिपळी जाळीपाशीच होती, सोबत गाळही निघाला. तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले. हे काम पंपाच्या कामात धरले जात नाही, म्हणून खर्चाच्या अंदाजातही येत नाही; माझ्या मते पाते तुटलेले दिसले की ते धरलेच पाहिजे.

बाजारात फक्त पाती आणि सीलचा संच मिळतो आणि तो पंपापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. घराची भिंत गुळगुळीत असेल तर तो वापरण्यात काही गैर नाही. भिंतीवर लाटा उमटल्या असतील तर नवी पाती त्याच लाटांवर उड्या मारत फिरतील आणि त्यांचीही तीच गत होईल. म्हणून पूर्ण पंप घेतला, आणि जुना सोबत नेऊन दांड्याच्या खाचा, बोल्टांची जागा आणि दोन्ही तेलतोंडांचे माप दुकानातच जुळवून पाहिले. अल्टरनेटरचा मागचा भाग इलेक्ट्रिशियनकडून पुन्हा उघडून धुऊन घेतला, ब्रशही बदलले, कारण तेल प्यायलेला ब्रश पुसून चांगला होत नाही.

बसवताना ज्या गोष्टी घाईत सुटतात त्यांतली पहिली म्हणजे नव्या पंपात आधी थोडे स्वच्छ इंजिन ऑइल ओतून रोटर हाताने फिरवणे. सुरुवातीच्या क्षणांत नळीतून तेल पोहोचेपर्यंत पाती कोरडी फिरू नयेत, एवढ्यासाठी हे करायचे. पोकळ बोल्टाचे तांब्याचे वॉशर नवे घातले. ओ-रिंगला तेल लावून ती खाचेत नीट बसल्याची बोटाने खात्री केली. परतीची नळी तेलरोधक घेतली आणि तिला पंपापासून चेंबरपर्यंत सलग उतार राहील, कुठेही मुरड किंवा पोट येणार नाही, अशी लांबी कापली. लांबी थोडी जास्त ठेवण्याची सवय इथे घातक ठरते, कारण खाली लोंबलेल्या पोटात तेल साठून राहते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हकडेही पाहिले. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमधली निर्वात पंपातले तेल आपल्याकडे ओढू पाहते. हा व्हॉल्व्ह त्याला अडवतो. तो सैल झाला असता तर बूस्टरच्या रबरी पडद्यापर्यंत तेल गेले असते. तारेला पांढरे कापड गुंडाळून बूस्टरच्या तोंडातून आत फिरवले, ते कोरडे निघाले. व्हॉल्व्ह तरीही नवा घातला, कारण तो स्वस्त आहे आणि जुना कित्येक महिने तेलात भिजला होता.

बूस्टरचा पडदा फाटलेला असेल तर एक वेगळाच घोटाळा होतो आणि तो इथे नोंदवणे मला गरजेचे वाटते. पंप सतत हवा ओढतो आणि ती सारी हवा तेलासोबत इंजिनाच्या पोटात सोडतो, त्यामुळे ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, जोराने वाफ बाहेर येऊ लागते. पाहणाऱ्याला वाटते की पिस्टनच्या रिंगा गेल्या. ट्रान्सपोर्ट नगरात एका ओळखीच्या गृहस्थांच्या ट्रकाचे इंजिन याच समजुतीने उघडण्याची तयारी झाली होती. पंपाचे ओढणारे तोंड गाडी उभी असताना थोडा वेळ बंद करून पाहावे: ब्रीदर शांत झाला तर दोष बूस्टरच्या बाजूला आहे, रिंगांत नाही. आमच्याकडे या चाचणीत काही फरक पडला नाही, म्हणजे बूस्टर शाबूत होता. नव्या पिढीच्या डिझेल गाड्यांत टर्बो किंवा ईजीआर व्हॉल्व्हचे (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या झडपेचे) नियंत्रणही पुष्कळदा याच निर्वातेवर चालते, त्यामुळे तिथे पंप कमजोर झाल्याची पहिली तक्रार ब्रेकची नसून गाडी ओढत नसल्याची असू शकते.

नवा पंप सुरू केल्यावर गेजचा काटा आयडलवर झटकन चढला आणि ६००च्या वर स्थिर राहिला. इंजिन बंद करून बूस्टरची निर्वात टिकते का ते पाहिले. पेडल दाबून धरले असता ते पायाला वर ढकलत नव्हते. तेल गरम झाल्यावर सगळे सांधे कोरड्या कापडाने पुन्हा पुसून पाहिले, डिपस्टिकवरची पातळी भरून काढली, कारण नव्या नळ्या आणि पंप थोडे तेल आपल्यात घेतात. पहिली चाचणी पहाटे सुपर कॉरिडॉरवर रिकाम्या ट्रकाने झाली, दुसरी माल भरून, आणि त्यानंतरच काका घाटात गेले.

घाटाविषयी काकांशी एक बोलणे झाले. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडणारे चालक त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. इंजिन बंद झाले की पंपही थांबतो. बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांत संपतो आणि त्यानंतर नवा पंपसुद्धा काहीच देऊ शकत नाही. काका स्वतः असे कधीच करत नाहीत, पण सोबत येणाऱ्या तरुण मुलाला हे कारणासह समजावून सांगा, असे त्यांनी मला सांगितले, आणि मी बूस्टरचे चित्र काढून त्याला ते समजावले.

आमच्या दुसऱ्या ट्रकाची परतीची नळीही काढून पाहिली. ती त्याच पाण्याच्या रबराची निघाली, फुगायला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि पंप मात्र अजून पूर्ण जोमात आहे. त्या ट्रकात फक्त नळी बदलली. आता तेल बदलताना दोन्ही ट्रकांच्या परतीच्या नळ्या सोडून आरपार पाहायच्या आणि गेजचा आकडा वहीत लिहायचा, असे उस्तादांशी ठरले आहे. वही गॅरेजमध्येच, ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवली आहे.